चढ की उतार

मन्सूर मास्तरांनी कधी कुणाला माफ केल्याचं मला ठाऊक नाही. माणूस गेला की लोक त्याच्याबद्दल गोड बोलायला लागतात. कालपर्यंत शिव्या देणारेही डोळे पुसतात. मी तसलं काही करणार नाही, आणि मास्तरांना ते रुचलंही नसतं. ते डूख धरणारे होते आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. खरं सांगू का, माझी नि त्यांची दोस्ती जमली ती ह्याच एका गुणावर. मी तरी कुठं मोठा संत लागून गेलोय!

धाराशिवच्या हायस्कुलात ते गणित शिकवत आणि मी मराठी. निजामाचं राज्य होतं. कागदोपत्री गाव उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. शाळेत सगळे विषय उर्दूतून चालत, मराठी आपली मागच्या खोलीत, पोटभाडेकरूसारखी. त्या खोलीच्या भिंतीपलीकडं मास्तरांचा वर्ग होता, त्यामुळं माझ्या व्याकरणात त्यांचं गणित रोज घुसायचं. "घाई नको! घाई केली की मेलात!" असा त्यांचा आवाज आला की माझीही पोरं दचकून पाटीवरचा हात थांबवायची.

मास्तर मूळचे परंड्याचे. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, अडकित्ता कायम हाताशी. खडू शेरवानीच्या खिशात ठेवत, म्हणून तो खिसा बारमाही पांढरा. उर्दू बोलत ते परंड्याच्या दख्खनी चालीवर आणि माझ्याशी बोलत ती अस्सल गावाकडची मराठी. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि भाभी, दोघंच.

त्यांच्या डूख धरण्याचा नमुना सांगतो. चौकातल्या शिंप्यानं एकदा त्यांची शेरवानी चांगली वीतभर आखूड शिवली आणि वर म्हणाला, "मास्तर, हल्ली हीच फ्याशन हाय." मास्तरांनी पैसे दिले, ती शेरवानी अंगात घातली आणि रोज शाळा सुटली की त्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहायला लागले. गिऱ्हाईक आलं की हसून म्हणायचे, "या की! लई चांगला कारागीर हाय. ही बघा, ह्यांनीच शिवलीया," आणि स्वतःभोवती गोल फिरून दाखवायचे. शेवटी शिंपी रडकुंडीला आला. पदरचं कापड घालून त्यानं नवी शिवून दिली. मास्तरांनी ती घेतली, पण दर जुम्म्याला जुनी घालून त्याच्या दुकानावरनं जायचं काही सोडलं नाही. मी म्हटलं, "आता तर नवी दिली ना त्यानं?" तर म्हणाले, "दिली की. पण पहिली पण त्यानंच दिली हुती."

आता गणिताचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

मी भाषेचा माणूस. एकदा वैतागून विचारलं, "मास्तर, रोज 'घाई नको, घाई नको' म्हणून बोंबलता, पोरांना अशी कसली घाई झालीय?" त्यांनी मला हाताला धरून व्हरांड्यातल्या रांजणापाशी नेलं. रांजणाच्या पोटावर बोट ठेवून म्हणाले, "सांगा पंडितजी, ह्याचा ढाल, म्हंजे तिरकेपणा, किती?"

"कुठला? गळ्यापाशी वेगळा, बुडापाशी वेगळा."

"शाब्बास! सरळ रेघंला एकच ढाल. वाकड्याला जागोजाग निराळा. मग ह्या एवढ्या एका ठिपक्यापाशी किती, ते काढायचं कसं? ढाल म्हंजे वरचा चढ भागिले आडवी चाल. एका ठिपक्यात चढ पण न्हाय आणि चाल पण न्हाय."

"मग नाही काढता येणार. सोडा नाद."

"सोडतो होय! दुसरा ठिपका घ्यायचा." त्यांनी खडूनं रांजणावर दोन ठिपके दिले आणि दोन्हींवर छडी टेकवली. "ह्या छडीचा ढाल काढता येतो का? येतो. आता दुसऱ्याला पहिल्याकडं सरकवायचं. हळूहळू. बघा छडी कशी वळतीया." छडी खरंच वळत गेली आणि शेवटी एकाच ठिपक्याला टेकून राहिली. "हा त्या ठिपक्याचा ढाल. आता वर्गाची वक्ररेषा घ्या. तीनचे नऊ. तीनच्या जरा पुढं जायचं, त्या जराशाला म्हणायचं फरक. किती चढलो ते काढा, फरकानं भागा. येतात सहा आणि वर तो फरक. आता फरकाला जाऊ द्या. ऱ्हायलं काय? सहा. तीनपाशी ढाल सहा."

"एवढंच? मग तो फरक सुरुवातीलाच का नाही घालवायचा?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "तिथंच सगळे मरत्यात! आधीच घालवला तर वर शून्य, खाली शून्य, हातात माती. आधी भागून घ्यायचं, मग शून्य करायचं. म्हणून म्हणतो, घाई नको."

हे काही मॅट्रिकच्या अभ्यासात नव्हतं. पण वरच्या वर्गातल्या पोरांना ते शाळा सुटल्यावर शिकवत. म्हणत, "उद्या गुलबर्ग्याच्या कॉलेजात गेल्यावर धाराशिवच्या पोराला कुणी हसू नये." आणि हसू झालं ते नेमकं त्यांचंच.

त्याचं असं झालं. परंड्यात ज्या उस्तादांकडं मास्तर गणित शिकले ते आकृती उर्दू लिखावटीसारखी काढत, उजवीकडून डावीकडं. आडव्या अक्षावर एक, दोन, तीन हे आकडे डावीकडं वाढत जायचे. मास्तरांचा हातही तसाच वळलेला. अक्षाच्या टोकाला बाण काढला की झालं, उत्तराला काही धोका नाही. सगळी पोरं तसंच काढायची, कुणाचं काही अडत नव्हतं.

मग आमच्या जिल्ह्याला नवे मोहतमीम आले. मोहतमीम म्हणजे शिक्षणखात्याचे जिल्ह्यातले बडे साहेब. हैदराबादचा माणूस, इस्त्रीची शेरवानी, आणि गणितातला एकच प्रश्न खिशात घेऊन हिंडायचा. जाईल त्या शाळेत फळ्यावर नुसती एक वाकडी रेघ ओढायची, तिच्यावर ठिपका द्यायचा आणि विचारायचं, "ढाल धन की ऋण? चढ की उतार?" अक्ष नाही, बाण नाही, काही नाही. रेघ डावीकडून उजवीकडं चढत गेलेली असायची. कुणी चुकलं की ह्याला उकळ्या फुटायच्या.

आमच्याकडं तपासणीला आला तेव्हा तो प्रश्न त्यानं पोरांना न विचारता मास्तरांनाच विचारला. मास्तरांनी सवयीनं उजवीकडून पाहिलं. उजवीकडून बघितलं तर रेघ उतरतच होती. म्हणाले, "ऋण."

साहेब इतका हसला की त्याच्या तोंडातला विड्याचा रस शेरवानीवर उडाला. "सुभानअल्ला! उलटा पढ़ते हो, उलटा पढ़ाते हो!" मास्तर सांगायला लागले, "हुजूर, अक्ष कुठल्या बाजूनं..." पण ऐकतो कोण? भिंतीपलीकडून मी धावत आलो, दारातूनच म्हणालो, "साहेब, पोरांसमोर नको." मला म्हणाला, "पंडित, आप अपनी पोथी देखिए." आणि मास्तरांना म्हणाला, "जो उलटा पढ़ता है, वो उलटा चले. चलो, दरवाज़े तक."

आणि मास्तर चालले. फळ्यापासून दारापर्यंत, मागं मागं, एका हातात खडू आणि दुसरा हात मागं बाकांना चाचपत. ज्यांना पोटच्या पोरासारखं शिकवलं ती पोरं समोर बसलेली. दोघंतिघं फिसकन हसली. त्यांची नावं मला आजही पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी मास्तर वेळेवर आले. सुपारी कातरत मला म्हणाले, "पंडितजी, त्याला मी उलटा चालवणार. माझ्या डोळ्यांदेखत."

"चला की मग! आजच संध्याकाळी बंगल्यावर जाऊ. मी धरतो, तुम्ही..."

"घाई नको."

गावात बातमी पसरायला काय वेळ लागतो? पोरंटोरं त्यांना 'उलटे मास्तर' म्हणायला लागली. ते दिसले की गल्लीतली कार्टी उलटी चालून दाखवायची. एकाच्या मी सणसणीत कानाखाली ठेवून दिली, तर त्याचा बाप भांडायला आला, मग बापालाही दोन ऐकवल्या. मास्तर मात्र त्यांच्यामधून सरळ निघून जायचे. पण भाभींनी मला सांगितलं की घरी त्यांचं जेवण तुटलंय.

रोज शाळा भरायच्या आधी ते रिकाम्या वर्गात फळ्यावर डावीकडून उजवीकडं आकृत्या काढायचा सराव करत. हात ऐकायचा नाही. मग खडू फेकायचे, उचलायचे, पुन्हा काढायचे. "त्याच्या बाजूनं पण यायला पाहिजे मला," म्हणायचे. "दोन्ही बाजूंनी आलो की सुटका न्हाय त्याची."

आणि मग देवानं म्हणा, अल्लानं म्हणा, तोंडात आयता घास दिला. मोहतमीमाचा मुलगा अन्वर गुलबर्ग्याहून इंटरला गणितात आपटून घरी आला. आपटला कशात, तर ह्याच ढालात! सगळ्या जिल्ह्यात ते शिकवणारा माणूस एकच. बंगल्यावरचा चपराशी मास्तरांना बोलवायला आला तेव्हा मी तिथंच होतो. मला तर नाचावंसं वाटलं.

"मास्तर, पोराला सगळं उलटं शिकवा! आख्खा पेपर उलटा लिहून येऊ दे. बसू दे बापाला बोंबलत!"

मास्तर माझ्याकडं कीव केल्यासारखं बघत राहिले. "पंडितजी, तुमाला सुडातलं काय बी कळत न्हाय. पोराला बिघडवलं तर बाप म्हणंल, मास्तर नालायक. त्यात माझा काय फायदा?"

एकच अट घातली. बंगल्यावर येणार नाही, पोरानं माझ्या घरी यावं. साहेब धुसफुसला, पण गरजवंताला अक्कल नसते. अन्वर यायला लागला. सतरा-अठराचं शेलाटं पोरगं, बापाला इतकं भ्यायलेलं की पाणी मागतानाही उभं राहायचं. मास्तरांनी त्याला घरच्या रांजणापाशी बसवलं, छडी हातात दिली आणि जीव तोडून शिकवलं. भाभी त्याला बळंच खाऊ घालायच्या. "अगे माँ, कित्ता दुबला है बच्चा!" म्हणत चौथी पोळी वाढायच्या. पोरगं हसायला लागलं. पुढं पुढं तर धडा संपला तरी घरी जाईना. माझं डोकं फिरायचं. वैऱ्याच्या पोराला तूप-पोळी!

पण मास्तर त्याच्याकडून एक गोष्ट रोज घोटून घेत होते. आकृती काढायच्या आधी अक्ष. अक्षाला बाण. "तीर न्हाय तर सवाल न्हाय," असं त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे. त्या दिवशी वर्गात काय झालं होतं, ते त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही. निदान मी असताना तरी नाही.

पोरगं पास झालं, आणि असंतसं नव्हे, गणितात कॉलेजात वर आलं. बापाची छाती फुगली. शाळेच्या बक्षीस समारंभाला मोहतमीम अध्यक्ष, शेजारी जिल्ह्याचे तालुकदार, म्हणजे कलेक्टरच, समोर सगळं गाव. भाषण करता करता साहेबाला मुलाची हुशारी दाखवायचा मोह झालाच. फळा मागवला. वाकडी रेघ ओढली, ठिपका दिला, आणि म्हणाला, "अन्वर मियाँ, बताओ, धन की ऋण?"

मी मास्तरांकडं पाहिलं. ते सुपारी कातरायचे थांबले होते.

अन्वर फळ्यापाशी गेला. रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग अगदी अदबीनं म्हणाला, "अब्बाजान, तीर?"

"क्या?"

"अक्षाला बाण नाही. उजवीकडून बघितलं तर ऋण, डावीकडून बघितलं तर धन. दोन्ही बरोबर आहेत. सवाल ही अधूरा है."

तालुकदार मान डोलवून म्हणाले, "बात तो ठीक है." मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "म्हंजे मास्तर बरोबर हुते!" आणि सगळा मांडव हसला. अहाहा! ते हसू मी कानात साठवून ठेवलंय. साहेबाचं तोंड लालभडक झालं. त्यानं पोराकडं पाहिलं, समोर बसलेल्या मास्तरांकडं पाहिलं, सगळं त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं अन्वरच्या थोबाडीत ठेवून दिली. सगळ्या गावासमोर.

पोरगं रडलं नाही. खडू खाली ठेवला, मांडवातून बाहेर पडलं आणि सरळ मास्तरांच्या घरी जाऊन बसलं. बापानं निरोप पाठवला, माफी मागत असशील तरच घरी ये. ते गेलं नाही. भाभींनी त्याचं अंथरूण मास्तरांच्या शेजारी घातलं.

मी मास्तरांना म्हटलं, "फिटलं की नाही?"

"न्हाय. तो अजून चालला कुठं?"

वर्ष गेलं, वर आणखी काही महिने. अन्वर आमच्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवायला लागला. मास्तर त्याच्याबरोबर येत, त्याच्याबरोबर जात, आणि वाटेत त्याच्या चुका काढत. भाभी त्याच्यासाठी मुली बघायला लागल्या होत्या. मास्तरांच्या तोंडून मी 'माझा पोरगा' हा शब्द ऐकला. चुकून नव्हे, चांगला दोनदा ऐकला.

मग निजामाचं राज्य बुडालं. गावात काय काय झालं ते मी इथं सांगत नाही. खूप घरांना कुलपं लागली, खूप जण रातोरात निघून गेले. मोहतमीमाची नोकरी गेली, बंगला गेला. कराचीला निघालाय असं कानावर आलं.

एक दिवस दुपारी तो मास्तरांच्या गल्लीत पायी आला. मास्तर ओट्यावर बसले होते, मी शेजारी. शेरवानी चुरगळलेली, दाढी वाढलेली. म्हणाला, "अन्वर को लेने आया हूँ."

"अंदर है. पूछ लो."

अन्वर दारात आला. बापाकडं न बघता म्हणाला, "मैं यहीं ठीक हूँ," आणि दारातच उभा राहिला.

म्हातारा मोहतमीम मास्तरांकडं वळला. "तुम कह दो. तुम्हारी सुनेगा." मास्तर सुपारी कातरत बसले. तो पुन्हा म्हणाला, "मेरा और कोई नहीं है." अडकित्ता चालूच. मग त्यानं मान खाली घातली. "मुझे याद है, मास्तर. दरवाज़े तक चलाया था तुमको. कहो तो मैं भी..."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आपल्या पायांनी चालत दारात आलं होतं! मला वाटलं, मास्तर आता काहीतरी मोठेपणाचं बोलतात की काय. मनात म्हटलं, आता ह्या घासात माती नका कालवू. पण मन्सूर मास्तर ते मन्सूर मास्तर.

"चलो," ते म्हणाले. "नुक्कड़ तक."

म्हातारा उलटा चालायला लागला. एक हात मागं, भिंत चाचपत. दारादारांतून लोक बघायला लागले. मी हसायला तोंड उघडलं होतं, खोटं कशाला बोलू. मधेच गटारीच्या दगडाला त्याची टाच अडखळली आणि तो पाठीवर पडला. टोपी गटारीत गेली. तसाच उठला आणि पुन्हा उलटाच चालायला लागला, कारण मास्तरांनी 'बस' म्हटलं नव्हतं.

तेव्हा अन्वर ओट्यावरून उतरला. पायांत काही न घालता. गटारीतली टोपी त्यानं काढली, सदऱ्याला पुसली, बापाच्या डोक्यावर ठेवली, त्याच्या खांद्याला धरून त्याला सरळ फिरवलं आणि त्याचा हात धरून चालायला लागला. मास्तर उभे राहिले. "अन्वर!" म्हणाले. तो वळला नाही. दोघं कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

भाभी आतून धावत आल्या. रिकामी गल्ली बघितली, नवऱ्याकडं बघितलं आणि गळा काढून ओरडल्या, "हो गया जी भर के? चला गया मेरा बच्चा! अब खुश?"

मास्तरांनी अडकित्ता उचलला, पण त्यात सुपारी नव्हती.

बापलेक कराचीला गेल्याचं पुढं कानावर आलं. त्यानंतर मास्तरांनी बदली मागून घेतली आणि परंड्याला गेले. काही वर्षांनी एका लग्नाला मी तिकडं गेलो होतो. स्टँडवर उतरलो तर मास्तर बाकावर बसलेले. खूप वाळले होते. भाभी गेल्या होत्या, हे मला तिथंच कळलं. बराच वेळ बोलत बसलो. निघताना मला राहवेना. म्हटलं, "मास्तर, एक विचारू? त्या दिवशी नुसतं 'जाऊ दे' म्हणाला असतात तर पोरगं तुमचं राहिलं असतं."

"ऱ्हायलं असतं," ते म्हणाले. "मला त्याच वक्ताला कळलं हुतं."

"मग?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग काय. त्याचा बाप आत्ता हितं येऊन उभा ऱ्हायला, तर आत्ता बी मी 'चलो'च म्हणीन, पंडितजी."

मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो त्या मोहतमीमाचा. गटारीत पडूनसुद्धा तोच जिंकला होता.

तेवढ्यात रेल्वेचे उतारू घेऊन कुर्डुवाडीची बस आली. मास्तर गुडघ्यांवर हात टेकून उठले, दारापाशी जाऊन उभे राहिले आणि उतरणाऱ्या एकेका माणसाचं तोंड बघायला लागले.